रझिया मॅडमची लायब्ररी

रझिया मॅडमना काहीही विचारलं, तरी उत्तर यायला ठरलेला वेळ लागायचा. चहा घेणार का, असं विचारलं तरी तेवढाच आणि मुलीचं लग्न ठरलं का, असं विचारलं तरी तेवढाच. समोरच्याकडे शांतपणे बघायच्या, एक श्वास घ्यायच्या आणि मग "हाव" किंवा "नाई". कॉलेजात नवीन आलेल्या माणसाला वाटायचं, बाईंना ऐकू कमी येतं, नाहीतर बाईंना फार गर्व आहे. दोन्ही खरं नव्हतं. गेल्या हिवाळ्यात त्या गेल्या. आता स्टाफरूममधल्या जुन्या मंडळींपैकी कोणी भेटलं की आधी त्या श्वासाचीच आठवण निघते.

मोताळ्याच्या आमच्या कॉलेजात त्या गणित आणि कॉम्प्युटर शिकवायच्या, मी मराठी. आमची टेबलं शेजारी होती, एवढाच सुरुवातीचा संबंध. अंगानं बारीक, डोक्यावर ओढणी, डब्यात बहुतेक आंबाडीची भाजी आणि ज्वारीची भाकर. लॅपटॉप इतका जुना की त्याच्या पंख्याचा आवाज ऐकून शिपाई म्हणायचा, गिरणी चालू झाली. त्या लॅपटॉपवर त्यांची लायब्ररी होती.

ही लायब्ररी म्हणजे काय, ते आमच्या कॉलेजला फार उशिरा कळलं. काहींना कधीच कळलं नाही. एका स्नेहसंमेलनात आमच्या प्राचार्यांनी माइकवरून कौतुकानं सांगितलं की रझिया मॅडम परदेशातल्या एका मोठ्या लायब्ररीचं काम मोताळ्यात बसून बघतात, तेव्हा मुलांनो, वाचनाची गोडी लावून घ्या. टाळ्या झाल्या. आमचे ग्रंथपाल त्यानंतर कित्येक दिवस त्यांच्याशी विशेष आपुलकीनं बोलायचे. मॅडमनी खुलासा केला नाही. मला म्हणाल्या, "राहू द्या सर. जिथं कोणी येऊन वाचते अन् चुका सांगते, ते लायब्ररीच झाली. पुस्तकंच नाहीत, एवढंच."

खरं काय होतं, ते त्यांनीच मला सोप्या भाषेत सांगितलं होतं. दोन मशीनं लांबून एकमेकींशी बोलतात, मधली तार कोणाच्याही अंगणातून जाते. तारेला कान लावून बसणाऱ्याला ते बोलणं कळू नये आणि मधेच कोणी दुसऱ्याच्या आवाजात बोलू नये, यासाठी जे गणित लागतं त्याचा तयार प्रोग्राम म्हणजे ही लायब्ररी. फोन बनवणारे, दवाखान्याची यंत्रं बनवणारे, कोण कुठले लोक ती आपापल्या कामात वापरायचे. फुकट. सगळं उघड्यावर मांडलेलं. कोणीही वाचावं, चूक दिसली तर कळवावी, दुरुस्ती पाठवावी. पण आलेली दुरुस्ती आत घ्यायची की नाही, हे ठरवायला कोणीतरी दारात बसावं लागतं. बरीच वर्षं त्या दारात मोताळ्याच्या रझिया मॅडम बसल्या होत्या.

त्या तिथं पोचल्या कशा, तर एका तासाच्या तयारीमुळे. वर्गात दाखवायला म्हणून त्यांनी त्या लायब्ररीतलं एक उदाहरण चालवून पाहिलं, तर लिहिलेलं उत्तर आणि येणारं उत्तर जुळेना. त्यांनी दुरुस्ती लिहून पाठवली. उत्तर आलं योनास नावाच्या माणसाकडून, उत्तरेकडच्या कुठल्याशा थंड देशातून. त्यानं लिहिलं होतं: तुमची दुरुस्ती चूक आहे, प्रश्न बरोबर आहे, पुन्हा करा. दुसरं कोणी असतं तर सोडून दिलं असतं. मॅडमनी पुन्हा केली. त्यानं पुन्हा परत पाठवली. असं करत करत वर्षं गेली. मूळ ज्यानं लायब्ररी सुरू केली होती तो माणूस संसाराला लागला, आणि जाताना दाराच्या किल्ल्या मॅडमच्या हाती देऊन गेला. योनासचा स्वभाव मात्र बदलला नाही. मॅडमनी केलेल्या प्रत्येक बदलावर त्याचा शेरा यायचाच आणि त्यात एकही गोड शब्द नसायचा.

मॅडम त्याला सासू म्हणायच्या. त्यांची खरी सासू अतिशय गरीब बाई होती, सुनेला आयुष्यात कधी टोकलं नाही. "अल्लानं ते कसर याच्या हातून भरून काढली," असं त्या म्हणायच्या. सकाळी स्टाफरूममध्ये आल्या आणि ओढणी सारखी करत म्हणाल्या, "आज सासूनं परत कणीक मळायले लावली," की मी समजून जायचो, त्या थंड देशातून काम परत आलंय.

त्यांच्या त्या श्वासाचं कारण मला एका दुपारी कळलं. तास नव्हता, पेपर तपासून कंटाळा आला होता. मी सहज म्हणालो, "मॅडम, तुम्ही उत्तर द्यायला एवढा विचार का करता?"

एक श्वास गेला. मग म्हणाल्या, "सर, मनात एक वार धरा. मी एकेक वार इचारतो. तुमी दर वेळी नाईच म्हणा. खऱ्या वारालेबी नाईच म्हणा."

मी गुरुवार धरला. त्यांनी सोमवारपासून विचारायला सुरुवात केली. मी पट्टीच्या खोटारड्यासारखा प्रत्येक वेळी नाही म्हणत गेलो. रविवारपर्यंत झालं आणि त्या म्हणाल्या, "गुरुवार."

"कसं ओळखलं?"

"तुमी काय बोल्ले ते मी ऐकलंच नाई. किती टाइम लागला ते ऐकलं. गुरुवारले नाई म्हणताना तुमी इतकेसे अडकले." त्यांनी बोटानं तिळाएवढं माप दाखवलं. "मशीनचंबी असंच हाये. पासवर्डाचं पह्यलंच अक्षर चुकलं त मशीन झटकन नाई म्हणते. पह्यलं बरोबर अन् दुसरं चुकलं त जराशी उशिरा म्हणते. बाहेर घड्याळ लावून बसलेल्या माणसाले तेवढं पुरते. एकेक अक्षर काढत काढत तो आत येते. म्हणून आमाले मशीनले शिकवा लागते, की बाई, काहीबी असू दे, नाई म्हणायले सारखाच टाइम लाव."

"आणि तुम्ही स्वतःलाही तेच शिकवलं?"

"सवय पडली. पोरं निकालाच्या आधी येतात, मॅडम पास हावो का म्हणून. एकाले झटकन उत्तर देलं अन् दुसऱ्याले थांबून देलं, त दुसरा तिथंच रडते."

त्यांचे यजमान सलीमभाई यांना मात्र ही उपपत्ती मान्य नव्हती. सलीमभाईंचं बाजाराच्या रस्त्यावर वजनकाटे दुरुस्तीचं दुकान होतं. मोठा बोलका माणूस. ते म्हणायचे, "लायब्ररी-फायब्ररी मंगून आली सर. हे बाई पह्यल्यापासून अशीच हाये. निकाहात कबूल है म्हणायलेबी एवढाच टाइम घेतला होता. काझीसाहेब दोनदा खोकलले. माह्या तं अंगाले घाम फुटला होता." मॅडम हे ऐकून ओढणीच्या आड हसायच्या.

त्यांच्या बोलण्यात शिव्या नव्हत्या, पण एक शब्द त्या शिवीसारखा वापरायच्या: चलाख. जगभरातून हुशार पोरं त्यांच्याकडे प्रोग्राम पाठवायची. चार ओळींचं काम एका ओळीत केलेलं असायचं. मॅडम चष्मा वर करून बघायच्या आणि म्हणायच्या, "चलाख हाये," म्हणजे ते परत जाणार हे नक्की. "जे वाचून मले हुशारी दिसते, ते मले नको. वाचणाऱ्याले चूक दिसली पाह्यजे, हुशारी नाई." याउलट एखादं काम मनापासून आवडलं की म्हणायच्या, "लय कटाळवाणं लिह्यलं हाये. छान." एकदा त्यांनी माझ्या ललित लेखाला कंटाळवाणं म्हटलं आणि मी दोन दिवस फुगून बसलो होतो. मग सलीमभाईंनी येऊन समजूत घातली की सर, याच्यापेक्षा मोठी तारीफ तिच्याजवळ नाही.

त्या लायब्ररीत माझाही थोडा हात लागला. प्रोग्रामबरोबर तो कसा वापरावा याची इंग्रजी माहिती असते. ती मॅडम लिहायच्या आणि छापून माझ्यापुढे ठेवायच्या. मी म्हणालो, यातलं मला ओ की ठो कळत नाही. "म्हणूनच तुमी पाह्यजे," त्या म्हणाल्या. "जिथं वाचता वाचता थांबले, तिथं पेन्सिलीनं रेघ मारा. समजलं नाई तरी चालते. पण थांबले कुठं ते सांगा." मी रेघा मारायचो आणि त्या प्रत्येक ठिकाणी वाक्य मोडून नव्यानं लिहायच्या. घाईत असलेला कोणी पोरगा चुकीचं वाचेल, चुकीचं वापरेल आणि कुलूप उघडं राहील, ही भीती त्यांना गणितातल्या चुकीपेक्षा जास्त वाटायची.

एकदा सलीमभाईंच्या पुतणीचं लग्न होतं, बीबी नावाच्या गावाला. आम्ही स्टाफमधले काही जण त्यांच्याबरोबर जीप करून निघालो, बुलढाणा, चिखली, मेहकर करत. रस्ताभर मॅडम मांडीवर तान्हं मूल घट्ट धरून बसावं तसा लॅपटॉप धरून बसल्या होत्या. बीबीला पोचलो, मंडळी मांडवाकडे गेली, आणि मॅडम जीपमधून उतरल्याच नाहीत. ड्रायव्हरला जीप निंबाखाली लावायला सांगितली आणि मागच्या सीटवर लॅपटॉप उघडून बसल्या.

लग्नघरात कुजबुज सुरू झाली. एक म्हातारी आत्या काठी टेकत आली आणि काचेतून आत बघत म्हणाली, "क्या हुआ बेटी? मियाँ से कुछ हुआ क्या?" मॅडमनी श्वास घेतला आणि सांगितलं, "सर दुख रहा है फुप्पी." सलीमभाई जीपच्या दाराशी पहारेकऱ्यासारखे उभे राहिले. येईल त्याला सांगायचे, गाडी लागली तिला, पडू द्या जराशी. बिर्याणीचं ताट त्यांनीच आणून दिलं आणि ते सीटवर तसंच थंड होत गेलं. मी एकदा जवळ गेलो आणि हळूच विचारलं, काही मदत हवी का? त्यांनी माझ्याकडे पाहिलं. एरवी शांत असणारे ते डोळे लाल झाले होते. म्हणाल्या, "नाई सर. तुमी जेवून घ्या."

संध्याकाळ व्हायच्या आधी त्या जीपमधून उतरल्या, तोंडावर पाणी मारलं आणि मांडवात जाऊन नवरीशेजारी बसल्या. तिच्या हातावरच्या मेंदीचं कौतुक करत होत्या. जणू काही झालंच नव्हतं.

झालेलं मला दुसऱ्या दिवशी कळलं, कारण तोवर ते जगालाच कळलं होतं. लायब्ररीत एक भोक सापडलं होतं, चोराला आत शिरता येईल असं. कुठल्याशा विद्यापीठातल्या एका मुलीनं गुपचूप कळवलं होतं. आता अडचण अशी की दुरुस्ती उघड्यावर मांडली, की ती वाचून चोरालाही भोक कुठे होतं ते कळतं. म्हणून दुरुस्ती तयार होईपर्यंत आणि मोठ्या वापरणाऱ्यांची तयारी होईपर्यंत कोणाजवळ एक अक्षर काढायचं नाही आणि मग एकाच वेळी सगळ्यांना सांगायचं, असा रिवाज आहे. तो दिवस नेमका लग्नाचा निघाला. त्यात सकाळी निरोप आला, की केलेली दुरुस्ती जुन्या मशीनवर चालत नाही. दवाखान्यातली यंत्रं बहुतेक जुनीच असतात. बाईंनी निंबाखाली बसून ते पुन्हा केलं होतं.

पण डोळे लाल होते ते त्यामुळे नाही. ते भोक त्यांनी स्वतः केलेलं होतं, काही वर्षांपूर्वी केलेल्या एका बदलातून. योनासच्याही नजरेतून ते सुटलं होतं. जाहीर निवेदनात त्यांनी स्वच्छ लिहिलं होतं: ही चूक माझी आहे, अमुक बदल करताना मी केली. मी ते वाचून म्हणालो, "मॅडम, नाव घालायची काय गरज होती? चूक झाली, सुधारली, एवढं पुरे होतं."

श्वास. "चूक कोणाची ते सांगतलं नाई, त लोकायनं त्याच माणसाचं बाकीचं काम कसं तपासावं?"

आणि खरंच, त्यानंतर महिनाभर कोण कुठले लोक त्यांचं जुनं काम उकरून तपासत होते. त्या ते स्वतः काढून काढून देत होत्या.

यानंतरची गोष्ट मी फार कोणाला सांगत नाही, कारण तिचा शेवट काय झाला ते नक्की कोणालाच माहीत नाही. सलीमभाईंना हृदयविकाराचा झटका आला. ऑपरेशन अकोल्याला झालं. मॅडम दीर्घ रजेवर गेल्या. दवाखान्याच्या बाकावर बसून जमेल तेवढं लायब्ररीचं बघायच्या, पण कामं साचत गेली. त्या काळात मार्क नावाचा एक माणूस इंटरनेटवरून मदतीला आला होता. तसा तो आधी वर्षभर अधूनमधून यायचा, छोटी छोटी कामं नीट करून द्यायचा. आता रोज येऊ लागला. त्याची पत्रं मी वाचली आहेत, कारण मॅडम मला उत्तरांचं इंग्रजी बघायला सांगायच्या. फार गोड माणूस. यजमानांची तब्येत कशी आहे, तुम्ही जेवलात का, तुमच्यासारखं सुंदर काम मी पाहिलेलं नाही, असं लिहायचा.

मग आणखी काही लोक बोलू लागले. हे कोण, कुठले, कोणालाच माहीत नव्हतं. या बाई थकल्या आहेत, लायब्ररी रखडली आहे, मार्ककडे किल्ल्या देऊन टाका, तुम्ही लोकांना वेठीला धरलंय. रोज एक तरी असं पत्र. एक तर फार लागट होतं. मी अकोल्याला भेटायला गेलो तेव्हा मॅडमनी ते मला दाखवलं आणि बाकावर बसल्या बसल्या म्हणाल्या, "खोटं नाई लिह्यलं सर. थकलीच हावो मी. देऊन टाकतो आता."

मला वाटलं, बरं झालं. चांगला माणूस मिळाला आहे, सुटल्या बिचाऱ्या. मी तसं म्हणालोही.

त्यांनी काचेच्या दाराकडे पाहिलं. पलीकडे सलीमभाई झोपले होते. मग म्हणाल्या, "दोघायले एकच सवाल इचारतो." आणि तिथंच बसून त्यांनी मार्कला आणि योनासला एकसारखं पत्र लिहिलं: या लायब्ररीत माझं सगळ्यात वाईट काम कोणतं?

मार्कचं उत्तर मी अकोल्यातच होतो तेवढ्यात आलं. वाईट असं काहीच नाही, सगळंच उत्तम आहे, तुम्ही आता विश्रांती घ्या. योनासचं उत्तर यायला वेळ लागला. पण आलं ते कागदावर छापलं असतं तर पुस्तिका झाली असती. पहिल्या वर्षापासूनची एकेक जागा काढून त्यानं दाखवली होती, शेवटी स्वतः पास केलेल्या चुकाही सांगितल्या होत्या. आणि एक ओळ: मार्कनं पाठवलेल्या एका फायलीत काय आहे ते मला वाचता येत नाही, तुम्हाला येतं का? मॅडमनाही येत नव्हतं, आणि कोणालाच वाचता येत नाही असं काही त्या लायब्ररीत चालत नसे. मार्कला त्यांनी विचारलं, हे काय आहे, कशासाठी आहे? त्यानं सलीमभाईंच्या तब्येतीची चौकशी केली. पुन्हा विचारलं. मग त्याचं उत्तर आलंच नाही. तो दिसेनासा झाला आणि त्याच्यासाठी भांडणारे ते लोकही दिसेनासे झाले.

"चोर होता का तो?" मी विचारलं.

"काय माहीत. फाइल आमी काढून टाकली. मतलब काही लागला नाई." मग म्हणाल्या, "खरा असंल त सर, बिचाऱ्याचं मन लय दुखलं असंल. माह्या घरच्याची त्यानं रोज खबर घेतली होती."

किल्ल्या त्यांनी योनासला दिल्या. इतकी वर्षं ज्यानं एकदा चांगलं म्हटलं नाही, त्याला. मी आश्चर्य दाखवलं, तर म्हणाल्या, "सर, त्यानंच तं सारं वाचलं हाये. एकेक अक्षर. इतकं माहं लिह्यलेलं दुसऱ्या कोणी वाचलं हाये का दुनियेत?"

सलीमभाई बरे झाले, दुकान पुन्हा उघडलं. मॅडमच्या निवृत्तीचं वर्ष आलं. माझी बदली आधीच आमच्या संस्थेच्या दुसऱ्या कॉलेजात, संग्रामपूरला झाली होती. निरोप समारंभाला मी मुद्दाम मोताळ्याला आलो. भाषणं झाली, नारळ-शाल झाली, आणि मॅडम मला म्हणाल्या, "चला सर, लॅबमधलं सामान उचलू."

लॅबमध्ये ऊन आलं होतं. त्या आपल्या जुन्या लॅपटॉपसमोर बसल्या आणि म्हणाल्या, थांबा, एक पाहून घेतो. लायब्ररीचं पान उघडून काही तरी टाइप केलं. पडद्यावर इंग्रजीत एक ओळ आली. मी वाकून वाचली: तुम्हाला प्रवेश नाही. त्यांनी पुन्हा एकदा करून पाहिलं. पुन्हा तीच ओळ.

मला वाईट वाटलं. म्हणालो, "हे काय? इतक्या वर्षांनी तुम्हालाच?"

"मीच सांगतलं होतं योनासले. काम सोडलं की माही किल्ली बंद कर म्हणून. केली का नाई ते पाहत होतो." त्या खुर्चीत मागे टेकल्या. चेहरा असा मोकळा झाला होता, की मी त्यांना इतक्या वर्षांत तसं पाहिलं नव्हतं. "केली त्यानं. बरं झालं. मले आत घेतलं असतं, त आज झोप लागली नसती."

लॅपटॉप मिटला. बाहेर सलीमभाई स्कूटर घेऊन आले होते. पायाशी कोणाचा तरी दुरुस्त केलेला काटा आणि त्याचं पितळी पारडं ठेवलं होतं. तिथं आता लॅपटॉपची पिशवी मावेना. मग मॅडम मागे बसल्या, पारडं त्यांनी मांडीवर घेतलं आणि पारड्यात लॅपटॉप ठेवला. सलीमभाई म्हणाले, "धरलं का नीट?" त्यांनी मान हलवली. स्कूटर फाटकातून बाहेर पडली आणि बाजाराच्या रस्त्याला लागली. कापसाच्या एका ट्रॅक्टरमागे त्या दिसेनाशा होईपर्यंत ते पारडं उन्हात चमकत होतं.